खेळाडूंचा जानुशूल आणि लवचीक चिकटपट्टी : बंधनोपक्रमाच्या अंगाने एक विचार

दिवाळी सरली की पनवेल-उरण पट्ट्यातील गावांतून कबड्डीच्या स्पर्धांना सुरुवात होते आणि आमच्या खारघरच्या चिकित्सालयात गुडघे दाखवायला येणाऱ्या तरुणांची संख्या वाढते. गेल्या हंगामात असाच एक सतरा वर्षांचा चढाईपटू आला. डाव्या गुडघ्यावर निळ्या रंगाच्या तीन पट्ट्या, एकीवर एक अशा घट्ट ताणून बसविलेल्या. त्या मेडिकलच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या आणि मोबाईलवर पाहून स्वतःच चिकटविलेल्या. पट्टीच्या कडेने त्वचा लाल होऊन बारीक फोड उठले होते. त्याचे म्हणणे एवढेच : ‘‘डॉक्टर, नीट मारून द्या, रविवारी मॅच हाय.’’ गुडघा का दुखतो हा प्रश्न त्याने विचारला नव्हता आणि पट्टी विकणाऱ्यानेही त्याला विचारला नव्हता.

या लवचीक चिकटपट्टीविषयी वैद्यबंधूंकडून आणि औषधविक्रेत्यांकडून आम्हांस वारंवार पृच्छा होते. काहींच्या मते ते पाश्चात्त्य थोतांड आहे, तर काहींच्या मते सुश्रुताचार्यांनीच ते आधी सांगून ठेवले आहे. आमच्या मते ही दोन्ही मते घाईची आहेत. म्हणून या पट्टीचा उपयोग कोठपर्यंत, ती कोणत्या गुडघ्यावर लावावी, कोणत्या गुडघ्यास मुळीच लावू नये, आणि आपल्या स्नेहन-स्वेदनाशी तिचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पट्टीचे स्वरूप

ही पट्टी म्हणजे सुती कापड असून त्यात लवचीक धागा विणलेला असतो. मागील बाजूस उष्णतेने अधिक घट्ट बसणारा अ‍ॅक्रिलिक डिंक लाटांच्या आकारात लावलेला असतो. ती फक्त लांबीच्या दिशेने ताणली जाते, रुंदीच्या दिशेने नाही. मूळ लांबीच्या साधारण दीडपट होईपर्यंत ती ताण घेते. औषधी द्रव्य तिच्यात काहीही नसते. निळी, काळी, गुलाबी हे केवळ रंग आहेत. काळी पट्टी ‘जोरदार’ असते हा खेळाडूंमधील समज निराधार आहे.

केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने ती 1970 च्या दशकात तयार केली. त्यापूर्वी खेळाडूंना जी पांढरी ताठ पट्टी बांधीत, तिने सांधा जखडला जाई. कासे यांना सांध्याची हालचाल मोकळी ठेवणारे, दोन-तीन दिवस अंगावर राहू शकणारे काही तरी हवे होते. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीच व्हॉलीबॉलची अमेरिकी खेळाडू केरी वॉल्श हिच्या खांद्यावरील काळी पट्टी जगभर दूरचित्रवाणीवर दिसली आणि तेव्हापासून हिचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडे 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर खेड्यातील पोरांनाही ती परिचित झाली. त्यांच्या दृष्टीने पट्टी हे आता चांगल्या खेळाडूचे भूषणच होऊन बसले आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गुडघ्याची वाटी आतील बाजूस ओढून धरण्यासाठी ताठ पट्टी वापरण्याची दुसरी पद्धत आहे. ती ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट जेनी मॅकॉनेल यांनी 1980 च्या दशकात रूढ केली. वाटीमागील वेदनेसाठी जे संशोधन झाले त्यातील पुष्कळसे या ताठ पट्टीविषयी आहे. विक्रेते मात्र त्याचा दाखला लवचीक पट्टीसाठी देतात.

ती करते काय?

पट्टीच्या वेष्टनावर बहुधा असे लिहिलेले असते की ती त्वचा उचलून धरते, त्याखालील रक्त व लसिका यांचा प्रवाह वाढविते आणि दुर्बल स्नायूंना बळ देते. यांपैकी बळ देण्याच्या दाव्याची परीक्षा हाँगकाँगमधील संशोधकांनी मोठ्या युक्तीने केली. या पट्टीविषयी काहीच माहिती नसलेली निरोगी माणसे निवडून, ती कशासाठी लावतात हे त्यांना न सांगता, मांडीच्या स्नायूंचे बल मोजले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ताणून लावलेली पट्टी, न ताणता लावलेली पट्टी आणि पट्टीविना पाय यांत काहीच फरक आढळला नाही. म्हणजे पूर्वी जे बळ वाढल्यासारखे दिसत होते, त्यात अपेक्षेचा वाटा मोठा असावा. स्नायुसांध्यांच्या विकारांवरील चाचण्यांचा 2014 मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही खोट्या पट्टीपेक्षा खरी पट्टी निश्चितपणे सरस ठरली नाही.

मग वेदना कमी झाल्याचे रुग्ण सांगतात ते खोटे काय? तसे आम्हांस वाटत नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला वेदनेच्या ‘द्वारा’चा सिद्धांत सर्वांस ठाऊक आहे. त्वचेवरील स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत पोचल्या की वेदनेची वाट काहीशी अडते. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो ती याच कारणाने. पट्टी त्वचेवर सतत हलका स्पर्श देत राहते. त्यातच खेळाडूचे लक्ष गुडघ्याकडे राहून तो पाय जरा जपून टाकतो. एवढा खुलासा आम्हांस पुरेसा वाटतो. लसिकाप्रवाहाचे दावे तूर्त बाजूला ठेवावेत.

वाटीमागील वेदनेसंबंधी अमेरिकेतील अस्थिविकार-फिजिओथेरपीच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती आम्हांस व्यवहार्य वाटतात. वाटीला लावावयाची पट्टी रुग्णागणिक योजावी, व्यायामाच्या जोडीने वापरावी, तीही तत्काळ वेदना कमी करण्यासाठी आणि चार आठवड्यांपर्यंतच. त्यापुढे तिचा लाभ दिसत नाही. मुख्य भर मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंच्या व्यायामावर आहे. दुखऱ्या गुडघ्याने व्यायाम होत नाही आणि व्यायामावाचून गुडघा सुधारत नाही, या पेचातून सुटण्यापुरता पट्टीचा आधार घ्यावा. यापेक्षा अधिक अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

बंधनाचा शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात चौदा बंध वर्णिले आहेत, हे विदित आहेच. त्यांत सांध्यांसाठी स्वस्तिक आणि शाखांसाठी अनुवेल्लित हे बंध येतात. आमच्या विषयाला अधिक महत्त्वाचा आहे तो त्याच अध्यायातील गाढ, सम आणि शिथिल हा ताणाचा विचार. मांडीवर गाढ, इतर शाखांवर सम, आणि नेत्र व संधी यांवर शिथिल बंध सांगितला आहे. शिथिल म्हणजे ढिला सुटणारा नव्हे, तर ज्यात श्वासाला जागा आहे असा. हे सारे वर्णन व्रणाच्या संदर्भातील आहे, हे आम्ही विसरत नाही. तथापि सांध्यावर बंध बांधताना हालचालीस वाव ठेवावा, हे तत्त्व व्रणापुरतेच मर्यादित मानण्याचे कारण नाही. भग्नचिकित्सेतही आचार्यांनी अतिशिथिल बंधाने सांध्यास स्थैर्य येत नाही आणि अतिगाढ बंधाने त्वचेचा शोथ, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट बजावले आहे. वर सांगितलेल्या मुलाच्या गुडघ्यावर आम्ही नेमके हेच पाहिले.

चिकित्सास्थानाच्या चौथ्या अध्यायात स्नायू, संधी व अस्थी यांत वायू गेला असता स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि उन्मर्दन असे पाच उपक्रम सांगितले आहेत. यांतील स्नेह, उपनाह आणि अग्निकर्म आपण नित्य करतो. बंधन मात्र आपल्या हातून सुटले आणि ते क्रेप बँडेज विकणाऱ्यांकडे गेले. या पट्टीच्या निमित्ताने ते परत आपल्या विचारात यावे असे आम्हांस वाटते. मात्र ‘हे तर आमच्याकडे होतेच’ अशी फुशारकी मारण्याचा मोह आवरावा. सुश्रुताचार्यांपुढे क्षौम, कार्पास, कौशेय, चर्म अशी द्रव्ये होती. त्वचेला चिकटून ताण देणारे वस्त्र त्यांच्यापुढे नव्हते. तत्त्व त्यांचे आहे, साधन नवे आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

गुडघा कोणता, हे आधी ठरवावे

खेळाडूच्या जानुशूलाला सरसकट संधिगतवात म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. चरकाचार्यांनी वर्णिलेला, वाताने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श असणारा तो सांधा उतारवयात पुष्कळ दिसतो, पण सतरा वर्षांच्या मुलात नव्हे.

खारघरमध्ये आम्हांस सर्वाधिक आढळते ती वाटीमागील वेदना. पहाटे खारघरच्या टेकडीवर धावत चढणारे आणि तसेच धावत उतरणारे पुष्कळ आहेत. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात. गुडघा मात्र उतारावर झिजतो. सपाटीवर चालताना वाटी व मांडीचे हाड यांमध्ये शरीरभाराच्या साधारण निम्मा दाब पडतो, जिन्यावर तो तिपटीहून अधिक होतो आणि खोल बैठकीत सातपटीच्या घरात जातो. अशा रुग्णाला जिना उतरताना, चित्रपटगृहात फार वेळ बसल्यावर, उकिडवे बसताना दुखते. एका बोटाने जागा दाखवता येत नाही, तो सगळ्या वाटीवरून हात फिरवून दाखवतो. हा पट्टीचा खरा रुग्ण होय.

वाटीच्या खालच्या टोकाशी बोट ठेवून ‘येथेच’ असे जो सांगतो, त्याच्या कंडरेचा विकार असतो. उड्या मारणाऱ्या आणि एकदम थांबून वळणाऱ्या खेळाडूंत तो होतो. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, खो-खो आणि कबड्डीतील चढाईपटू यांत तो विशेष दिसतो. येथे पट्टीने थोडा आराम मिळतो, पण कंडरेवर भार क्रमाक्रमाने वाढवत नेणारा व्यायाम किमान बारा आठवडे केल्यावाचून ती पूर्ववत होत नाही. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वेदना आणखी खाली, नळीच्या हाडावरील उंचवट्यावर असते आणि तेथे गाठ हाताला लागते. अमेरिकेतील ऑस्गुड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर यांनी 1903 मध्ये तिचे स्वतंत्रपणे वर्णन केले. वाढ पूर्ण झाली की ती बहुधा आपोआप शमते. पालकांना हे समजावून सांगितले तर निम्मे काम होते. बाहेरच्या बाजूची, ठरावीक अंतर धावल्यावरच सुरू होणारी वेदना लांब पल्ल्याच्या धावपटूंची. तीत पट्टीचा लाभ आम्हांस फारसा दिसलेला नाही.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक खेळाडू स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आला. तीन आठवड्यांपूर्वी मॅटवर वळताना गुडघा मुरगळला होता. सूज ओसरली होती, वेदना थोडी राहिली होती. आम्ही दाबून पाहिले, वाकवून पाहिले, आणि बाहेर रुग्णांची रांग होती म्हणून पट्टी लावून पाठविले. त्याला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी चढाईत पाय रोवून वळताना गुडघा निखळल्यासारखा झाला आणि त्याला उचलून बाहेर न्यावे लागले. एमआरआयमध्ये आतील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटलेला आढळला आणि त्याच्या जोडीला सांध्यातील कूर्चेची गादीही फाटलेली. अस्थिबंध बहुधा पहिल्याच दिवशी तुटला असावा, गादी मात्र दुसऱ्या दिवशी फाटली, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले. पुढे विचारले तेव्हा मुलाने सांगितले की पहिल्या वेळी ‘कट्’ असा आवाज आला होता, तासाभरात गुडघा टम्म सुजला होता, आणि नंतर जिना उतरताना तो दोनदा दगा देऊन गेला होता. हे तिन्ही प्रश्न आम्ही आदल्या संध्याकाळी विचारावयास हवे होते. पाच मिनिटांचे काम होते. पट्टीने त्याची वेदना कमी केली नसती तर तो कदाचित मैदानात उतरलाच नसता.

जानुमर्म हे तीन अंगुले प्रमाणाचे संधिमर्म असून वैकल्यकर आहे आणि त्याच्या आघाताने खंजता येते, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्या मुलाची दोन वर्षे गेली. तो आज चालतो, नोकरी करतो, पण कबड्डी खेळत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पट्टी काढण्यापूर्वी काही प्रश्न ठरलेले आहेत. आघाताच्या वेळी आवाज आला काय? सूज तासा-दोन तासांत आली की दुसऱ्या दिवशी? त्वरित आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त, असे समजून चालावे. गुडघा दगा देतो काय? तो मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, असे होते काय? आघातानंतर लगेच किंवा आता चार पावले टाकता येतात काय? सांधा तप्त, लाल असून ताप आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर संशयास्पद असेल तर पट्टी नाही, तेल नाही, जानुबस्ती नाही. आधी क्ष-किरण आणि अस्थिरोगतज्ज्ञ.

आणखी दोन गोष्टी मुलांच्या बाबतीत विसरू नयेत. एक, खुब्याच्या सांध्याचा विकार गुडघ्याच्या वेदनेने प्रकट होतो. लंगडणाऱ्या स्थूल मुलाचा गुडघा निर्दोष आढळला तर त्याचा खुबा फिरवून पाहिल्यावाचून सोडू नये. दुसरी अधिक गंभीर. पौगंडावस्थेत हाडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो तो गुडघ्याच्या लगतच्या हाडांत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नळीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी. खेळताना लागले म्हणून दुखते असे घरचे सांगतात, कारण खेळणाऱ्या मुलाला कधी ना कधी लागलेले असतेच. वेदना खेळाशी निगडित नाही, रात्री झोपेतून जागे करते, सांध्याच्या वर किंवा खाली कठीण सूज आहे आणि ती वाढते आहे, अशा मुलाचे त्याच दिवशी क्ष-किरण करवावे. टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आपल्या खारघरातच आहे. येथील वैद्याला तरी याबाबत उशिराची सबब सांगता येणार नाही.

लावण्याची रीत

त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. केस दाट असल्यास कात्रीने बारीक करावेत. लगेच वस्तरा फिरवून पट्टी लावल्यास आग होते. प्रथमच लावावयाची असेल तर दंडाच्या आतील बाजूस दोन अंगुले तुकडा एक दिवस लावून पाहावा. पट्टीची टोके गोल कापावीत, म्हणजे ती कपड्यात अडकून उकलत नाहीत.

वाटीमागील वेदनेसाठी मांडीच्या मध्यापासून वाटीच्या खालपर्यंत येईल एवढी पट्टी घेऊन ती एका बाजूने उभी चिरावी, म्हणजे इंग्रजी वाय अक्षराचा आकार येतो. न चिरलेले टोक मांडीवर ताण न देता चिकटवावे. मग रुग्णाला गुडघा काटकोनात वाकवावयास सांगून दोन्ही शेपट्या वाटीच्या दोन्ही कडांनी हलक्या ताणाने खाली आणाव्यात आणि शेवटची दोन-तीन अंगुले पुन्हा ताणाविना बसवावीत. हलका ताण म्हणजे किती? कागदावर ती मुळातच किंचित ताणून बसविलेली असते. कागद सोलत सोलत लावली तर जेवढा ताण राहतो तेवढा किंवा त्याहून थोडा अधिक पुरे. कंडरेच्या विकारात वाटीच्या खाली आडवी दुसरी आखूड पट्टी लावावी. तिचा फक्त मधला भाग निम्म्या ताणाने आणि दोन्ही टोके अजिबात न ताणता. शेवटी तळहाताने चांगले चोळावे, उष्णतेने डिंक धरतो. खेळापूर्वी तासभर आधी हे उरकावे, घामात लावलेली पट्टी टिकत नाही.

फोड बहुतेक वेळा येतात ते टोके ताणल्यामुळे. ताण जास्त म्हणजे गुण जास्त, या समजुतीपायी हे घडते.

लावल्यावर त्याच ठिकाणी रुग्णाला जिना उतरावयास किंवा अर्धी बैठक घ्यावयास सांगावे. वेदना स्पष्टपणे कमी झाली नाही तर पट्टी काढून टाकावी. दोन दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही, तिचा परिणाम असेल तर तत्काळ असतो.

तेल आणि पट्टी

आपल्यासमोर खरी अडचण ही आहे. महानारायण तेलाने माखलेल्या गुडघ्यावर ही पट्टी क्षणभरही टिकत नाही. शिवाय पट्टीवरून नाडीस्वेद किंवा गरम पोटली फिरविल्यास डिंक वितळतो आणि त्वचा पोळते. पूर्वी आम्ही यामुळे पट्टी टाळीत असू. आता पाळी लावून घेतो. सामना किंवा जोराचा सराव असलेल्या दोन-तीन दिवसांत पट्टी आणि व्यायाम, आभ्यंतर औषध चालू. त्यानंतर पट्टी काढून पुढील दोन-तीन दिवस अभ्यंग, स्वेदन किंवा जानुबस्ती. परत पट्टी लावण्याच्या आदल्या दिवसापासून स्थानिक तेल बंद, आणि बेसन किंवा साबणाने स्वच्छ धुणे. काढताना मात्र तेल आपल्या कामाला येते. कडेने तिळतेल मुरवून दहा मिनिटे थांबावे आणि केसांच्या दिशेने, त्वचा दुसऱ्या हाताने दाबून धरीत, हळूहळू सोलावी. फिजिओथेरपिस्ट महागडा द्रव वापरतात, त्याची आपल्याला गरज नाही.

अग्निकर्माच्या बिंदूंवर किंवा जलौकेच्या दंशावर खपली पडून जाईपर्यंत पट्टी लावू नये.

किती दिवस ठेवावी याबाबत वेष्टनावर तीन ते पाच दिवस असे लिहिलेले असते. ते थंड, कोरड्या देशांचे माप असावे. चरकाचार्यांनी उपनाहाविषयी रात्री बांधलेला दिवसा आणि दिवसा बांधलेला रात्री सोडावा असे विदाह टाळण्यासाठी सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी पैत्तिक व्रणाचा बंध शरद-ग्रीष्मात दिवसातून दोनदा, तर श्लैष्मिकाचा हेमंत-वसंतात तिसऱ्या दिवशी बदलावयास सांगितला आहे. म्हणजे देह, दोष आणि ऋतू पाहून बंधाचा काळ ठरवावा. आमच्या अनुभवात डिसेंबर-जानेवारीत खारघरला पट्टी तीन दिवस निर्वेध राहते. एप्रिल-मेच्या घामात आणि पावसाळ्यात ती एक दिवसाहून अधिक ठेवली की खाज सुटते. पित्तप्रकृतीच्या, गोऱ्या व सहज लाल होणाऱ्या त्वचेच्या रुग्णात सामन्यापुरती लावून त्याच रात्री काढावी. मधुमेहात ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, ज्यांच्या पिंढरीच्या शिरांत रक्ताची गुठळी असण्याचा संशय आहे, किंवा जेथे इसब, गजकर्ण, जखम आहे, तेथे ती लावूच नये. गजकर्ण हा कबड्डीपटूंचा नित्याचा सोबती आहे, म्हणून मांडीचा आतला भाग आवर्जून पाहावा.

औषधविक्रेत्यांसाठी

दुकानदार बंधूंना एवढीच विनंती की पट्टी मागणाऱ्यास रंग विचारण्यापूर्वी ‘गुडघा सुजला आहे काय, दगा देतो काय’ असे दोन शब्द विचारावेत. ‘हो’ म्हटले तर पट्टी न देता वैद्याकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. एक गिऱ्हाईक जाईल, परंतु असे गिऱ्हाईक पुन्हा परतते असा आमचा अनुभव आहे. माल घेताना पट्टी आडवी ताणून पाहावी. रुंदीत ताणली जाणारी पट्टी हलकी समजावी. उन्हात ठेवलेल्या जुन्या मालाचा डिंक त्वचेवर राहतो, म्हणून काचेच्या दर्शनी कपाटात त्या ठेवू नयेत. पाच सेंटिमीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशा एका गुंडाळीत एका गुडघ्याच्या दहा-बारा पट्ट्या सहज होतात. दर खेळाडूने पुरी गुंडाळी घेण्याचे कारण नसते.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या मुलाची वाटीखालची कंडरा दुखत होती. सूज नव्हती, दगा नव्हता, अस्थिबंध शाबूत होते. आम्ही त्याच्या तिन्ही पट्ट्या तेल लावून काढल्या आणि फोडांवर शतधौतघृत लावण्यास दिले. त्वचा अशी असताना त्या रविवारी पट्टी लावता येणारच नव्हती. भिंतीला पाठ लावून, गुडघे अर्धे वाकवून पाऊण मिनिट स्थिर राहणे, असे पाच वेळा, हा व्यायाम त्याला तेथेच करावयास लावला. तो संपल्यावर उठून उभा राहिला तेव्हा त्याने दोनदा पाय आपटून पाहिला. ‘‘आता कमी हाय,’’ तो म्हणाला, आणि तरीही पट्टी मिळणार नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. लाक्षादी गुग्गुळ, रात्री अभ्यंग व स्वेदन, उड्या आणि खोल बैठका तीन आठवडे बंद, पायऱ्यांवरील व्यायाम क्रमाने वाढविणे, अशी योजना त्याच्या प्रशिक्षकाला बोलावून त्यांच्यासमोर लिहून दिली. रविवारी तो राखीव खेळाडूंत बसला. त्वचा बरी झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून सरावाच्या दिवशी एक आडवी पट्टी लावून दिली, ती महिनाभरात सोडविली. फेब्रुवारीत तो पुन्हा खेळू लागला. व्यायाम अजून चालू आहे, निदान त्याची आई तसे सांगते.